कोयत्याचा हिशोब : ऊसतोडीला जाणारे जोडपे स्वतःच्या पायावर उभे आहे का, हे कसे तपासावे?

धम्मचक्र प्रवर्तन दिन आटोपून आपण नागपूरहून परततो, त्याच पंधरवड्यात अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड तालुक्यांतील वस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. ट्रक, ट्रॅक्टर भरून जोडपी निघतात. काही याच जिल्ह्याच्या उत्तरेला, म्हणजे राहाता, कोपरगाव, संगमनेर, नेवासा भागात जातात. बाकीची पश्चिम महाराष्ट्रात किंवा थेट कर्नाटकात. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला की परततात. यात वंजारी, बंजारा, धनगर, मातंग आहेत आणि आपले बौद्ध समाजबांधवही आहेत.

कार्यकर्ते आम्हाला वेगवेगळे प्रश्न विचारतात. अमक्या जोडप्याला बचत गटातून कर्ज द्यावे का? त्यांची मुलगी वसतिगृहात राहिली तर घर चालेल का? यंदा त्यांनी जाऊच नये म्हणून काही करता येईल का? या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : हे जोडपे स्वतःच्या कमाईवर उभे राहू शकते का? उत्तर बहुतेक वेळा अंदाजाने दिले जाते. 'मेहनती आहेत, फेडतील' किंवा 'दारू पितो, त्याला कशाला द्यायचे' अशी ती उत्तरे असतात. कागद-पेन घेऊन हिशोब मांडला तर चित्र फार वेगळे दिसते. तो कसा मांडायचा, हे इथे देत आहोत.

कोयता म्हणजे माणूस नाही, जोडपे

ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. घरातला तरुण मुलगा जोडीला गेला तर दीड कोयता. मुकादम टोळी बांधतो तेव्हा 'किती माणसे' असे न विचारता 'किती कोयते' असे विचारतो. उचल कोयत्यावर ठरते, काम कोयत्यावर मोजले जाते आणि बाकीही कोयत्याच्याच नावावर पडते.

म्हणजे स्थलांतर करणाऱ्या जोडप्याची आर्थिक तपासणी आपल्याकडे होतच असते, फक्त ती मुकादम करतो. जोडपे तरुण आहे का, बाई निरोगी आहे का, मागच्या वर्षी किती टन तोडले, आधीची बाकी किती, बैलगाडी आहे का. एवढ्यावर तो उचलीचा आकडा ठरवतो. इंग्लंडमध्ये परदेशी जोडीदाराला आणायचे असेल तर सरकार त्या कुटुंबाचे उत्पन्न तपासते. २०१२ पासून ही अट वर्षाला १८,६०० पौंड होती, एप्रिल २०२४ मध्ये ती २९,००० झाली. त्या नियमावर तिथे टीका होते आणि ती योग्यच आहे, गरिबाने लग्न करून एकत्र राहू नये असाच त्याचा अर्थ निघतो. पण तिथला प्रश्न निदान 'यांचे घर चालेल का' असा आहे. मुकादमाचा प्रश्न 'माझे पैसे वसूल होतील का' एवढाच असतो. वसुली होण्याची क्षमता आणि जगण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण तपासायची आहे ती दुसरी.

दर, उचल आणि टन

तोडणीचा दर साखर संघ आणि कामगार संघटनांच्या कराराने ठरतो. २०२० च्या करारात सरासरी १४ टक्के वाढ होऊन तो टनाला सुमारे २७३ रुपये झाला. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या साखर संकुलात झालेल्या बैठकीत ३४ टक्के वाढ मान्य झाली आणि दर ३६६ रुपयांच्या आसपास गेला. मुकादमाचे कमिशनही त्याच वेळी १९ वरून २० टक्के झाले. डोकी सेंटर, गाडी सेंटर अशा कामाच्या पद्धतीप्रमाणे आणि अंतराप्रमाणे दरात फरक पडतो, म्हणून आपल्या कुटुंबाचा नेमका दर त्यांच्या पावतीवरूनच घ्यावा.

उचल पन्नास हजारांपासून लाख-दीड लाखापर्यंत असते. समजा एक लाख आहे. जुन्या २७३ च्या दराने ती फेडायला ३६६ टन ऊस तोडावा लागत होता. नव्या ३६६ च्या दराने २७३ टन. (ही छपाईची चूक नाही, आकडे खरोखरच असे उलटे येतात.) दरवाढीचा फायदा झाला, हे मान्य केले पाहिजे. संघटनांनी भांडून मिळवलेली गोष्ट आहे ती.

आता पूर्ण हंगामाचा हिशोब करू. जोडपे दिवसाला साधारण दीड ते दोन टन तोडते. हंगाम पाच महिन्यांचा धरला तरी वाहन न येणे, पाऊस, फड बदलणे, आजारपण यात दिवस जातात. कामाचे १२० दिवस धरा. रोज दोन टन म्हणजे २४० टन, म्हणजे ८७,८४० रुपये. हे झाले उत्पन्न.

वजा काय होते? उचल १,००,०००. किराण्यासाठी मधून मधून घेतलेली खर्ची आठवड्याला १,५०० धरली तर २१ आठवड्यांचे ३१,५००. पाच दिवस खाडा झाला आणि दिवसाला ५०० कापले तर २,५००. एकूण १,३४,०००. म्हणजे पट्टा पडतो तेव्हा जोडप्याच्या नावावर ४६,१६० रुपये बाकी असते, आणि हातात काही नसते. या जोडप्याने रोज तीन टन तोडले असते तरी कमाई १,३१,७६० झाली असती आणि २,२४० रुपये अंगावर राहिले असते. रोज तीन टन म्हणजे काय, ते ज्याने मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवली आहे त्याला विचारा.

उचल, खर्ची आणि खाड्याचे आकडे आम्ही उदाहरणासाठी घेतले आहेत. तुमच्या वस्तीतले आकडे घाला, मांडणी तीच ठेवा. गाडीवान जोडप्यांचे वाढे विकून थोडे पैसे सुटतात, पण त्यांच्यामागे बैलांचा खर्च असतो. तोही दोन्ही बाजूंना लिहा.

उचल कुठे गेली, हे आधी विचारा

उचल ही कमाई नाही, हे अनेकदा त्या कुटुंबालाही स्पष्ट नसते. गणपतीच्या सुमारास लाख रुपये घरात येतात तेव्हा ते उत्पन्नासारखेच वाटतात. म्हणून पहिला प्रश्न असा : ते पैसे कशावर गेले? आमच्या अनुभवात उत्तरे ठरलेली असतात. आधीच्या मुकादमाची बाकी, दवाखाना, लग्न, घराची भिंत, कोरडवाहू रानातले बियाणे-खत. दारूही असते, नाकारण्यात अर्थ नाही. पण वहीत ती किती आहे ते पाहिल्याशिवाय तिच्यावर प्रवचन देऊ नका.

बाकी घेऊन परतलेल्या जोडप्याला पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावे लागते, किंवा नव्या मुकादमाकडून मोठी उचल घेऊन जुन्याची भरपाई करावी लागते. दुसऱ्या वाटेने कर्ज कमी होत नाही, फक्त सावकार बदलतो. म्हणून मागच्या तीन हंगामांची बाकी शेजारी शेजारी लिहा. ती वाढत गेली असेल तर पुढचे कितीही प्रश्न विचारा, उत्तर तिथेच आहे.

उरलेल्या महिन्यांचे काय? रान किती, त्यात कापूस-बाजरी किती निघते, शेळ्या किती, परिसरात मजुरी मिळते का, हे लिहा. रोजगार हमीचा दर महाराष्ट्रात २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होता. दोघांचे ६२४. ऊसतोडीत दोन टनांचे ७३२. फरक १०८ रुपयांचा. पण तोडीचा दिवस पहाटेच्या अंधारात सुरू होतो आणि गाडी भरेपर्यंत संपत नाही. तो बारा तासांचा धरला तर माणशी तासाला साडेतीस रुपये पडतात, रोहयोत आठ तासांच्या हिशोबाने ३९. मग लोक रोहयोला का थांबत नाहीत? कारण तिथे काम मागून मिळेल याचा भरवसा नाही, पैसे उशिरा येतात, आणि आधी एक लाख रुपये कोणी देत नाही. जोडपे फडात जाते ते मजुरीसाठी कमी आणि उचलीसाठी जास्त. हे लक्षात घेतले नाही तर 'गावातच काम करा' हा सल्ला पोकळ ठरतो.

रेशनही हिशोबात धरा. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य मोफत आहे. पाच माणसांचे कुटुंब सहा महिने बाहेर राहिले आणि उचलले नाही, तर दीडशे किलो धान्य बुडते आणि तेवढे खर्चीतून विकत घ्यावे लागते. आता कार्ड कुठल्याही रास्त भाव दुकानात चालते, अंगठा लावून धान्य मिळते. कारखान्याजवळचा दुकानदार 'तुमचे इथे नाही' म्हणाला तर ते ऐकून परतायचे नाही, तहसीलच्या पुरवठा शाखेत जायचे.

बाईचा अर्धा हिस्सा

हिशोबाच्या कागदावर बाईची वेगळी ओळ काढा. कोयता जोडप्याचा असला तरी उचल पुरुषाच्या हातात जाते, करारावर अंगठा किंवा सही त्याची, पैसे जमा झाले तर खाते त्याचे. ऊस तोडतो पुरुष, पाचट काढून मोळी बांधते बाई, डोक्यावर वाहतात दोघे. त्याआधी कोपीवर स्वयंपाक, पाणी, लेकरे. या कामाला दर नाही.

ती आजारी पडली तर कोयता अर्धा होतो आणि खाडा मात्र पूर्ण लागतो. मासिक पाळीचे दिवस, बाळंतपण, अंगावरून जाणे, सगळे खाड्याच्या भीतीने अंगावर काढले जाते. बीड जिल्ह्यात याचा शेवट कुठे झाला ते २०१९ मध्ये देशाने पाहिले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर जी पाहणी आली, तिच्यात तपासलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. पाथर्डी-जामखेड ही बीडला लागून असलेली तालुक्यांची रांग आहे, मजूरही तेच आणि मुकादमही तेच. म्हणून कुटुंबाची तपासणी करताना बाईच्या तब्येतीवर झालेला खर्च आणि त्यासाठी काढलेले कर्ज वेगळे विचारा, आणि शक्य असेल तर कार्यकर्तीने विचारावे, पुरुष कार्यकर्त्याने नाही.

जोडपे हेच उत्पन्नाचे एकक झाले की लग्नाचा अर्थही बदलतो. मुलगा एकटा असेल तर अर्धा कोयता, लग्न झाले की पूर्ण कोयता, पूर्ण उचल. मुलीला मागे एकटी ठेवायची भीती आणि सासरी कोयता पूर्ण होण्याची घाई, दोन्ही एकत्र येऊन पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींची लग्ने लागतात. घाईत उरकलेल्या अशा लग्नांना या भागात 'गेटकेन' म्हणतात. हा शब्द साखर कारखान्याचाच, नोंद नसलेला बाहेरचा ऊस थेट गेटवर येतो त्याला वापरला जाणारा. २००६ च्या कायद्याने मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ हवे, गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे आणि १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालतो. पण आमचे म्हणणे असे की, फोन करण्याआधी त्या घरची बाकी किती आहे हे माहीत असले पाहिजे. लग्न थांबले आणि बाकी तशीच राहिली, तर ते पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावात लागते.

हरेगावची आठवण

हा जिल्हा साखरेचा जुना जिल्हा आहे. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरानगरला उभा राहिला, त्याआधीपासून बेलापूर कंपनीचा खाजगी कारखाना श्रीरामपूरजवळच्या हरेगावात होता. त्याच हरेगावात डिसेंबर १९३९ मध्ये बाबासाहेब आले होते. परिषद महार, मांग वतनदारांची होती. वतनी जमिनींवर सरकारने लादलेल्या जादा साऱ्याविरुद्ध ते तिथे बोलले.

वतनाचे अर्थशास्त्र आठवा. जमिनीचा तुकडा आणि बलुत्याचा वाटा आधीच दिलेला, त्याच्या मोबदल्यात गावाने आणि सरकारने सांगेल ते काम, सांगेल त्या वेळी, साऱ्या कुटुंबाने करायचे. कामाला मर्यादा नाही, मोबदल्याला मात्र ठरलेली आणि तोकडी मर्यादा. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात यासाठी विधेयक आणले. वतने कायद्याने संपली ती त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५८ च्या कायद्याने. उचल आणि वतन एक आहेत असे आम्ही म्हणत नाही. उचल जातीवर ठरत नाही आणि ती घेणारा निदान कागदावर मोकळा असतो. पण आधी दिलेल्या रकमेच्या बदल्यात कुटुंबाचा वेळ अमर्याद विकत घेणे, ही रीत ओळखीची आहे. आणि ज्या घरातल्या आजोबांनी येसकरकी सोडली, त्यांचा नातू आज बाकीमुळे मुकादमाला सोडू शकत नसेल, तर ती बाब नोंदवण्यासारखी आहे.

आणखी एक विसंगती. पाथर्डीत आदिनाथनगरला वृद्धेश्वर कारखाना आहे, शेवगावात बोधेगावला केदारेश्वर आहे. म्हणजे मजूर पाठवणाऱ्या तालुक्यांत कारखाने नाहीत असे नाही. तरी इथली माणसे दूर जातात आणि इथे दुरून माणसे येतात. आमच्या मते याचे कारण सरळ आहे. परक्या मुलखात कोपी टाकून राहिलेले जोडपे संध्याकाळी घरी जाऊ शकत नाही, गावकीला बोलावू शकत नाही, म्हणून दरावर भांडतही नाही.

कसोटी कोणती लावायची

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली : संपत्ती असण्याचे, ती उपभोगण्याचे, ऋण नसण्याचे आणि निर्दोष जगण्याचे. तिसरे ते अनणसुख. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे, एक भाग उपभोगाला, दोन व्यवसायाला, एक अडीअडचणीसाठी राखून. वंदनेला बसलेल्या नोकरदारांना हे सांगणे सोपे आहे. कोयत्याच्या घरी जाऊन चार भाग करा म्हणून सांगू नये, कारण तिथे मिळकत हातात येण्याआधीच खर्च झालेली असते. तिथे अनणसुखाची कसोटी जास्त कामाची आहे.

आम्ही ती अशी वापरतो : पट्टा पडल्यावर उचल फिटली का, आणि नवी उचल न घेता ते घर दिवाळीपर्यंत चालेल का? दोन्ही 'हो' असतील तर जोडपे उभे आहे. अशांना बचत गटाचे कर्ज शेळ्या, शिलाई यंत्र, विहिरीवरची मोटर यासाठी बेधडक द्यावे. उचल फिटते पण दिवाळी गाठता येत नाही, अशांना कर्जाऐवजी पावसाळ्यातले काम आणि धान्य हवे. जिथे बाकी दरवर्षी वाढते आहे, तिथे आणखी कर्ज देणे म्हणजे मुकादमाच्या वसुलीला मदत करणे. त्या घराला कायद्याची गरज आहे.

कायदा आहे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने आगाऊ रकमेपोटी बांधून घेतलेल्या मजुराचे ते कर्जच रद्द होते, आणि ते बांधील कर्ज नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर टाकलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्सच्या खटल्यात किमान वेतनापेक्षा कमीवर घेतलेले काम सक्तीचे श्रम मानले. जोडप्याला डांबून ठेवले, मूल किंवा बाई बाकीपोटी अडवून ठेवली, कोरे चेक घेतले, बैल ओढून नेले, असे काही घडले असेल तर अर्ज जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे करायचा. पोलीस ठाण्यात 'पैसे घेतलेत ना, मग द्या' एवढेच ऐकायला मिळते, म्हणून लेखी अर्ज आणि पोच महत्त्वाची.

हक्काच्या गोष्टी थोडक्यात. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनाला दहा रुपये आणि तेवढेच सरकारने द्यायचे ठरले आहे. आपल्या जोडप्याच्या २४० टनांवर ते ४,८०० होतात. त्यातले त्यांच्या घरी काय आले, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे. ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचे ओळखपत्र काढून घ्यावे, दोघांचे वेगवेगळे. संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे मंजूर झाली आणि पहिल्या टप्प्यात आपल्या जिल्ह्यातले पाथर्डी आणि जामखेड होते. मूल शाळेतून निघत असेल तर शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावे, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत दाखल्यावाचून बसता येते.

हा हिशोब करायला सर्वात चांगला काळ भीमजयंतीनंतरच्या पंधरवड्याचा. माणसे गावात आलेली असतात, वजनाच्या पावत्या अजून पिशवीत असतात आणि पुढच्या उचलीची बोलणी सुरू झालेली नसतात. विहारात सतरंजी टाकून, दोघांना शेजारी बसवून, एका घराला तास-दीड तास लागतो. पावत्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण ती शाई जूनपर्यंत उडून जाते. मुकादमाच्या वहीतला टनांचा आकडा आणि पावत्यांची बेरीज जुळत नसेल तर फरक लाल पेनाने लिहा, आणि जोडप्याची संमती असल्याशिवाय तो कागद कोणालाही दाखवू नका. आषाढात मुकादम दारात येईल तेव्हा तो त्यांच्या हातात असला पाहिजे.